गळ्यातली साय

मयूरेश कुबलला पाण्याखाली पहिल्यांदा मरण दिसलं, ते ठसक्याच्या रूपात.

सात मीटर खोल होता तो. आडबंदरची वाळूची पट्टी समुद्र दर वर्षी थोडी थोडी गिळत चालला होता, म्हणून किनाऱ्यापासून अर्ध्या मैलावर तळाशी ठोकळ्यांचा बांध घालायचं काम एका कंपनीने घेतलं होतं. ठोकळे यंत्राने सोडले जात. ते एकमेकांत बसवायला मात्र माणसाचे हातच लागत. पाठीवर सिलिंडर, दातांत हवा देणारा रेग्युलेटर, आणि सिलिंडर संपला की तिथेच दुसरा लावून घ्यायचा. अशी चार-चार तासांची पाळी. तिसऱ्या तासाला मयूरेशची जीभ टाळूला चिकटली. ती सोडवायला गेला तर घशात काटा उभा राहिला, ठसका लागला आणि रेग्युलेटर दातांतून निसटला. पुढचा श्वास हवेचा नव्हता.

जोडीदार बाबलो मेतरने त्याला वर काढलं. होडीत पालथा पाडून पाठीत गुद्दे घालत बाबलो म्हणाला, "अरे मेल्या, एवढो समुद्र भोवती, आणि तू तहानेन मरतस?"

हसण्यासारखंच होतं ते. पण बाबलो गुद्दे थांबवत नव्हता.

यात मयूरेशची काही चूक नव्हती. सिलिंडरमध्ये हवा दाबून भरताना तिच्यातला ओलावा मुद्दाम काढून टाकतात. नाहीतर सिलिंडर आतून गंजतो, झडपा अडतात. एरवी आपण नाकाने श्वास घेतो आणि नाक आपल्या नकळत ती हवा ओली करून आत सोडतं. पाणबुड्याचं नाक मुखवट्यात बंद असतं. मग ते काम तोंडावर येतं, आणि तोंडाची लाळ ती किती! दर श्वासागणिक कोरडी हवा थोडा ओलावा घेऊन जाते. अर्धा तास मासे बघायला उतरणाऱ्या पर्यटकाला त्याचं काही वाटत नाही. वर येऊन शहाळं प्यायलं की झालं. चार तास काम करणाऱ्याने काय करायचं? उतरण्याआधी दोन तांबे पाणी, गालात लिंबाची फोड, वेलची, सारखं आवंढे गिळणं... सगळं करून झालं होतं.

मयूरेशचं दुखणं दुहेरी होतं. सकाळी तो पाणबुड्या आणि संध्याकाळी कीर्तनाचा विद्यार्थी. आई लहानपणीच गेली, बाप जहाजावर गेला तो परतलाच नाही. त्याला वाढवलं ते द्वारकाबाई आचरेकरांनी. आडबंदरच्या देवळात कीर्तनाची एक जुनी गादी होती, बाई तिच्या सहाव्या वारसदार. वय बहात्तर, अंगाने काटकुळ्या, पण झांज हातात घेऊन उभ्या राहिल्या की देवळाच्या शेवटच्या खांबापर्यंत शब्द न् शब्द पोचायचा. त्यांचे धाकटे भाऊ दिगंबर, म्हणजे दिगूकाका, तबल्याला. घरात ही दोघं आणि तिसरा मयूरेश.

पाळी करून आलेला मयूरेश गायला बसला की बाई कपाळाला हात लावायच्या. "ह्यो गळो आसा की काथ्याची दोरी?"

दोन वर्षांनी कंपनीने उपाय आणला. उंटाच्या नाकाची एक गंमत शास्त्रज्ञांना आधीपासून ठाऊक होती. उंट श्वास सोडताना त्यातला ओलावा नाकातच धरून ठेवतो आणि पुढच्या श्वासाला तोच वापरतो. तेच काम माणसाच्या तोंडात करणारा एक जिवाणू त्यांनी तयार केला. तोंडातलाच, साधा, फक्त त्याला साखरेचे सूक्ष्म धागे विणायला शिकवलं. त्या धाग्यांचं पातळ जाळं गालांच्या आतून, टाळूवर, घशाच्या दारापर्यंत पसरायचं. बाहेर जाणाऱ्या श्वासातली वाफ धरायचं आणि आत येणाऱ्या हवेला द्यायचं. पाणबुड्यांनी त्याला नाव दिलं साय.

साय जिवंत होती, म्हणजे वाढणारच. तिला आवर घालायला वेगळं औषध लागत नव्हतं. सिलिंडरची कोरडी हवा लागली की वरचा थर सुकून गळायचा, पोटात जायचा. जेवढी वाढ तेवढी झड. कागदावर अगदी चोख हिशेब होता.

कंपनीने सहा जण निवडले, सहाही बिनलग्नाचे. का ते कागदाच्या चौथ्या पानावर होतं. तोंडाला लावलेलं भांडं, घास, शंख, काहीही दुसऱ्याच्या तोंडाला लागता कामा नये. साय दुसऱ्याला गेली असं आढळलं तर नाव कमी. आणि हे सगळं गुपित. मयूरेशने सही केली. घरी एवढंच सांगितलं, "कंपनीन घशाचा औषध दिल्यान."

महिन्याभरात त्याचा आवाज ओळखू येईना. गळा असा ओला, असा मोकळा, की अडीच तास उभं राहून पाण्याचा घोट घ्यावा लागू नये. तार सप्तकात गेला तरी आवाज फाटायचा नाही. लोक म्हणायला लागले, पोराच्या गळ्यात देव येऊन बसला. बाईंनी एकदा त्याच्या गळ्यावरून हात फिरवला आणि त्यांचे डोळे भरून आले. "माझा काय नाय हां ह्याच्यात. ह्या त्याचा देणा."

देणं कोणाचं, ते मयूरेशला ठाऊक होतं.

वैशाखातल्या नारदजयंतीला बाईंनी त्याला गादीवर उभा करायचं ठरवलं. त्या गादीची एक रीत होती, आणि ती चारचौघांत होत नसे. पूर्वरंग संपला, बुवांच्या गळ्यात हार पडला, की गुरू-शिष्य दोघंच गाभाऱ्यात जायची. शिष्याने केळं अर्धं खायचं आणि उरलेलं अर्धं गुरूने. गुरूने शिष्याचं उष्टं खाल्लं की गुरुपण तिथेच संपलं. पुढे दोघं एका धन्याचे चाकर. बाईंनी आपल्या गुरूंना असंच अर्धं केळं दिलं होतं, पन्नास वर्षांपूर्वी.

मयूरेशने मनाशी ठरवलं होतं, केळं हाताने मोडायचं. अर्धं तोंडात, अर्धं बाईंच्या हातात. कोणाला काय कळतंय?

पूर्वरंग असा रंगला की बायका डोळे पुसत होत्या. दोघं गाभाऱ्यात गेली. बाहेर दिगूकाकांनी तबल्यावर लग्गी धरली होती, लोक टाळ्यांनी ताल देत होते. बाईंनी केळं सोलून पुढे केलं. त्याने दोन्ही हातांनी धरून मोडायला घेतलं, तशा बाई हसल्या.

"हातान नाय रे. दातान तोड. नायतर तो परसाद झालो, उष्टा खंयचा?"

"बाई, नको. माझा तोंड..."

"तुझ्या तोंडाक काय झाला? आत्ताच त्याच तोंडातसून देवाचा नाव घेतलस मां?"

त्या तोंडाकडे बघत होत्या त्या, आणि चेहरा असा होता की आयुष्यभर याच घासाची वाट पाहिली असावी. सांगायला दोन वाक्यं पुरली असती. मयूरेशने देवाकडे पाहिलं आणि केळ्याचा घास घेतला. उरलेलं बाईंनी खाल्लं, डोळे मिटून, सावकाश. मग वाकून त्याच्या पायांना हात लावला. तो मागे सरकला तर म्हणाल्या, "ऱ्हव. आता तू बुवा."

उत्तररंग त्या दिवशी कसा झाला, ते मयूरेशला कधीच आठवलं नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात समुद्र बंद झाला. कोकणात चार महिने कोणी पाण्यात उतरत नाही. होड्या वर ओढल्या जातात, माडाच्या झापांखाली जातात. ही गोष्ट आडबंदरच्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. साय बनवणाऱ्यांना ती माहीत नव्हती. त्यांनी चाचण्या घेतल्या होत्या वाळवंटाच्या कडेच्या समुद्रात. तिथे बारा महिने डुबकी, आणि वर आलं तरी हवा पापडासारखी कोरडी.

आडबंदरात पावसाळ्यात भिंतीला बुरशी धरते, मिठाचं पाणी होतं, वाळत घातलेली चादर चौथ्या दिवशीही दमट. अशा हवेत सायीला आवर कोण घालणार? पंधरा दिवसांत सहाही जणांचे आवाज घोगरे झाले. झोपेत घशात गुळगुळ व्हायला लागली. कंपनीने घाईघाईने सिलिंडर पाठवले. प्रत्येकाला रोज दोन तासांची हवा, तेवढ्याने घसे पुन्हा मोकळे व्हायचे. एसीची हवा पुरत नाही, ती या कामाला ओलीच.

मग ते दृश्य सुरू झालं. बंदरावरच्या शेडच्या ओसरीवर सहा तरणेबांड पुरुष भिंतीला टेकून बसलेले, तोंडात रेग्युलेटर, समोर पाऊस. बोलता येत नाही. फक्त हवेचा फस्स, फस्स आवाज. मासे विकायला निघालेल्या बायका जाताना म्हणायच्या, "काय रे, जमिनीर बुडालात?"

ज्यांना ही हवाही नको, त्यांच्यासाठी एक द्रावण होतं. पाणबुडे त्याला खरवडणी म्हणत. आठवडाभर चुळा भरल्या की साय मुळासकट निघायची. मात्र तिच्याबरोबर लाळेच्या ग्रंथीही जळायच्या. तोंड जन्मभर कोरडं. सहांपैकी कोणीही ती घेतली नव्हती. मयूरेश तर तिचं नावही काढत नसे. बुवा होऊन दोन महिने झाले होते त्याला. पंचक्रोशीतून कीर्तनाची बोलावणी येत होती.

जुलैच्या मध्याला बाईंचा आवाज बसला.

आधी कोणी मनावर घेतलं नाही. पावसाळा, वय. पण बोलताना शब्दांखाली पाणी खळखळल्यासारखं व्हायला लागलं, आणि झोपलं की श्वास अडकायला लागला. दिगूकाकांनी त्यांचा नेहमीचा उपाय सुरू केला. पहाटे उठून चुलीवर पाणी उकळायचं, त्यात तुळस, गवती चहा, आणि बहिणीच्या डोक्यावर चादर टाकून वाफारा. दिवसातून तीनदा. म्हातारा माणूस, गुडघे धरलेले, पण एकही वेळ चुकवली नाही.

मयूरेशने पहिल्या दिवशीच ते पाहिलं आणि त्याला गाभाऱ्यातलं केळं आठवलं. वाफ म्हणजे सायीला पाऊसच.

"बाई, वाफारो जरा कमी घेवा," तो म्हणाला.

"कित्याक रे?" दिगूकाका आतून म्हणाले. "वाफेन गळो सुटता. तुमच्या कंपनीचा औषध नाय ता, आजीच्या वेळचा आसा."

कित्याक, याचं उत्तर एकच होतं. ते दिलं की नाव कमी.

डॉक्टर प्रिस्का फर्नांडिस गावात दवाखाना चालवायच्या. त्यांनी बाईंचा घसा टॉर्च लावून बराच वेळ पाहिला. दिगूकाका आणि मयूरेश बाजूला उभे होते.

"पांढरा थर आहे. बुरशीचाही असू शकतो. पण मला एक विचारायचंय," डॉक्टर म्हणाल्या. "त्या पाणबुड्यांचे घसे बिघडल्यावर कंपनीकडून पत्र आलंय आम्हा डॉक्टरांना, की त्यांचं उष्टं कोणी खाल्लं असेल तर कळवा, त्या पाणबुड्याचं नाव कमी करू. तसं कोणाचं उष्टंबिष्टं खाण्यात आलं होतं का, बाई?"

बाईंनी मान वर केली. क्षणभर मयूरेशकडे पाहिलं. त्या नजरेत सगळं एकदम कळलेलं त्याने पाहिलं: औषध, गळा, गाभाऱ्यातलं त्याचं अडखळणं.

"नाय," बाई म्हणाल्या.

"आमच्या आक्कान जल्मात कोणाचा उष्टा खाल्ला नाय, डाक्टर," दिगूकाका अभिमानाने म्हणाले. "लग्नात घोवाच्या हातचो घास घेवक नाय ती, तर..."

डॉक्टर मयूरेशकडे वळल्या. "तुम्ही त्या सहांतले ना? काही शक्यता?"

मयूरेशने मान हलवली. नाही.

"मग बुरशीचं औषध देते. नमुना पुण्याला पाठवते, पण घाटात दरड आहे, पंधरा दिवस जातील. वाफ घेत असाल तर घ्या, हरकत नाही."

घरी आल्यावर दिगूकाका चूल पेटवायला गेले, तसा मयूरेश बाईंच्या उशाशी बसला.

"खोटा कित्याक बोललात, बाई?"

बाई हसल्या. हसणंही आता ओलं, गुळगुळीत. "पन्नास वर्षां दुसऱ्यांच्यो कथा खऱ्यो करून सांगलंय. एक खोटी सांगलंय तर काय बुडाला? खरा सांगलंय असता तर तुझा नाव कमी झाला असता मां? मगे तुझी हवा बंद. तुझो गळो गेलो असतो."

"आणि तुमचो?"

"माझो झालो वापरून."

"बाई, मी सांगतंय डॉक्टरांका. आत्ताच जातंय."

"जा," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटले. त्यांनी अडवलं नाही. पण तो उठलाही नाही. खाटेची कड धरून बसून राहिला, आणि मग दिगूकाका वाफेचं भांडं घेऊन आले.

माणूस पाप करतो ते एका घावात करत नाही. उद्या सांगू, परवा सांगू, आज जरा बरं दिसतंय, असे तुकडे पाडून करतो. आणि प्रत्येक तुकडा एवढा लहान असतो की त्याचं ओझं वाटत नाही.

मयूरेशने मधला मार्ग काढला. रोज आपल्या दोन तासांतला एक तास वाचवायचा आणि तो सिलिंडर पोत्यात गुंडाळून घरी आणायचा. "आवाजाचो व्यायाम" म्हणून त्याने बाईंना रेग्युलेटर दातांत धरायला शिकवलं. बाईंनी पहिला श्वास घेतला, तोंडातून ते काढलं आणि म्हणाल्या, "ह्या दातात धरून नाम कसा घेवचा रे?"

"मनात घेवा."

"मनात घेणारी मी नाय. माका मोठ्यान लागता."

दोन दिवस फरक पडला. श्वासातली खळखळ कमी झाली. दिगूकाकांना आनंद झाला. "बघलस? वाफारो लागू पडलो!" आणि त्यांनी तीनाचे पाच वाफारे केले.

मयूरेशचाही घसा एका तासाच्या हवेवर जड होत चालला होता. ओसरीवर बाबलोने त्याला हटकलं. रेग्युलेटर काढून म्हणाला, "अर्धो सिलिंडर खंय नेतस रोज? बाईंका?"

मयूरेशने पोतं पायामागे सरकवलं.

"म्हणजे साय दिलस त्यांका," बाबलो हळूच म्हणाला. "सांग रे. सांगलस तर दवाखान्यात ऑक्सिजन आसा, तोय सुकोच असता. दिवसरात लावतले. तुझ्या ह्या चोरलेल्या तासान काय होवचा?"

ऑक्सिजनचं त्याला सुचलंच नव्हतं, असं मयूरेश पुढे कधी म्हणाला नाही. सुचलं होतं. पहिल्याच दिवशी. बाबलो बोलला त्यानंतरही त्याने एक अख्खा दिवस घालवला, कारण त्या दिवशी शेजारच्या गावात त्याचं कीर्तन होतं.

डॉक्टरांसमोर खोटं बोलल्यानंतर दहाव्या दिवशी सकाळी तो प्रिस्काबाईंच्या दवाखान्यात गेला आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्या खुर्चीवरून उठल्या. ओरडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "आणि वाफ?"

"रोज पाच वेळा."

"देवा!" त्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली आणि बॅग उचलली.

बाईंना दवाखान्यात आणून ऑक्सिजन लावला. पण साय घशाचं दार ओलांडून खाली श्वासनळीत उतरली होती. तिथे ती सुकून सुटायला लागली, तर तिचे तुकडेच आत अडकायला लागले. दुपारी दीडच्या सुमाराला बाईंनी मयूरेशला जवळ बोलावलं. बोलता येत नव्हतं. हाताने खूण केली: मोठ्याने. त्याने नामाचा गजर धरला. त्याचा गळा, तो सायीचा गळा, जड झालेला असूनही त्या खोलीत असा वाजला की बाहेर रांगेत बसलेले आजारी लोक उठून उभे राहिले. दिगूकाका खाटेच्या लोखंडी पट्टीवर बोटांनी ठेका देत होते. बाईंचे ओठ काही वेळ हलले आणि मग थांबले. ठेका त्यानंतरही चालू होता. डॉक्टरांनी दिगूकाकांचा हात धरला, तेव्हा तो थांबला.

दिगूकाकांना त्यांनी एवढंच सांगितलं की संसर्ग छातीत उतरला. मयूरेशला दाराशी नेऊन म्हणाल्या, "कागदावर मी खरं लिहीन, कंपनीला कळवीन. पण त्यांच्या भावाला तोंडाने सांगायचं ते तुम्ही. माझ्याकडून ते होणार नाही."

कंपनीने तिसऱ्या दिवशी नाव कमी केलं. सिलिंडर बंद. मयूरेशने खरवडणीची बाटली आणली आणि आठवडाभर चुळा भरल्या. सातव्या दिवशी घमेल्यात शेवटचे पांढुरके धागे पडले, आणि तोंडात जे आलं ते आयुष्यभराचं होतं. भाताचा घास वाळूसारखा. दर चार शब्दांनी पाणी. जीभ एखादी परकी वस्तू तोंडात ठेवल्यासारखी. डॉक्टरांनी सांगितलं होतं, सलग बोलायचं म्हटलं तर दहा-बारा मिनिटं. त्यानंतर जीभ टाळूला चिकटेल.

दिगूकाका त्याचा चेहरा बघून म्हणायचे, "आक्कासाठी एवढा सुकवून घेतलस रे स्वतःक?" आणि पाण्याचा तांब्या त्याच्या हाताशी ठेवायचे.

गादीची आणखी एक रीत होती. गुरूच्या तेराव्याला शिष्याने कीर्तनाला उभं राहायचं. दुपारी चारला देऊळ भरलं. पायऱ्यांवरही छत्र्या घेऊन माणसं. दिगूकाकांनी हातोडीने तबला लावला, सूर मिळाल्यावर मान डोलावली. मयूरेश उभा राहिला. नमनाचा पहिला स्वर निघाला तो खरवडल्यासारखा. लोकांत चुळबुळ झाली. हा तोच गळा?

"मंडळी," तो म्हणाला, "आज आख्यान पुराणातलं नाही. आडबंदरचं आहे. आणि माझ्याकडे दहा मिनिटं आहेत."

त्याने सांगितलं. सायीचं, चौथ्या पानाचं, गाभाऱ्यातल्या केळ्याचं. डॉक्टरांसमोर हललेल्या मानेचं. सायीला कोरडी हवा मारते आणि ती हवा दवाखान्यात होती, हे ठाऊक असून घालवलेल्या दहा दिवसांचं. शेजारच्या गावातल्या कीर्तनाचंही. दर चार शब्दांनी घोट घेत होता. दिगूकाकांचा हलका ठेका सुरुवातीला शब्दांखाली चालला होता. तो केव्हा थांबला ते कोणाच्या लक्षात आलं नाही. एक बाई मोठ्याने रडायला लागली, शेजारणीने तिच्या तोंडावर पदर धरला.

"बाई माझ्या उष्ट्याने गेल्या," मयूरेश म्हणाला. "आणि माझ्या गप्प बसण्याने. दुसऱ्या कोणाचा यात दोष नाही."

हे शेवटचं वाक्य त्याने आदल्या दिवशी पाठ केलं होतं. त्यात एक गोष्ट गाळली होती. दया म्हणून गाळली, असं तो स्वतःला सांगत होता.

"मयू," दिगूकाका बसल्या जागेवरून म्हणाले. देवळात एवढी शांतता होती की हळू बोललेलंही सगळ्यांना ऐकू गेलं. "सुकी हवा त्या सायीक मारता म्हणालस. मगे वाफ?"

मयूरेशने तोंड उघडलं. दहा मिनिटं संपली होती. जीभ टाळूला चिकटली होती, घशातून नुसती घरघर आली. समोरचा तांब्या रिकामा. तो तसाच उभा राहिला असता तरी चाललं असतं. लोकांनी समजून घेतलं असतं, पोराचं तोंड सुकलं, राहू दे आता. कोणीतरी म्हणालंही, "दिगूकाकानू, ऱ्हवांदेत."

दिगूकाका गुडघ्यांवर हात टेकून उठले. गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर पाण्याची कळशी होती, ती उचलून घेऊन आले.

"तोंड उघड."

त्यांनी वरून धार धरली. निम्मं पाणी मयूरेशच्या हनुवटीवरून अंगरख्यावर गेलं. मयूरेशने एक आवंढा गिळला, दुसरा गिळला. जीभ सुटली.

"आता सांग."

"वाढते, काका." मयूरेशने त्यांच्या डोळ्यांत बघून सांगितलं. "वाफेने साय वाढते. पहिल्या दिवसापासून मला माहीत होतं. तुम्ही चूल पेटवायचात आणि मी बघत होतो."

दिगूकाकांनी कळशी खाली ठेवली. ती कलंडेल म्हणून पुन्हा नीट बसवली. वाकून बसवतानाच ते बराच वेळ तसेच राहिले, आणि दोघा-तिघांनी पुढे होऊन हात दिला तो त्यांनी झिडकारला. मग आपल्या जागी जाऊन बसले. मांडीवर पंचा ओढून घेतला.

"गादी सोड म्हणान सांगतलंय असा समजू नको," ते म्हणाले. "माफ केलंय असाय समजू नको. पण आक्काचा कीर्तान अर्ध्यार सोडूचा नाय. गजर धर."

मयूरेशने गजर धरला. खरखरीत, तुटका. पहिली ओळ तशीच गेली, ठेक्याविना. दुसरीही. लोक हळूहळू मागून म्हणायला लागले, आधी बायका, मग पायऱ्यांवरचे. दिगूकाकांचे हात तबल्यावर टेकलेले होते, आणि हलत नव्हते.